पस्तीस

ससून डॉकच्या बर्फ-कारखान्यात टोकनाची खिडकी
रोज पहाटे पावणेचारला मरते.
आधी नाही, नंतर नाही.
दिवसा मी तपासायला गेले की चालते,
पाहुण्यांसमोर पाढे म्हणणाऱ्या पोरासारखी.

म्हणून आज रात्रीच आले. लोखंडी स्टूल,
पायाखाली ओल, मांडीवर लॅपटॉप,
भिंतीपलीकडे लाद्या फोडणाऱ्या यंत्राची घरघर
दाढांत ऐकू येते.

प्रोग्रॅम कुटिन्होंनी लिहिलेला,
वेगळ्याच सिस्टिमसाठी, वेगळ्याच काळात.
सोर्स कोड एका मेलेल्या हार्डडिस्कसोबत गेला.
कुटिन्हो आता वसईला. फोनवर म्हणाले,
"पोरी, मी केळी लावतो. केळीला पोर्ट नंबर नसतो."

नव्या मशीनला त्याची बोली येत नाही.
मधे एक थर बसवलाय, दुभाष्याचा:
इकडचं मागणं तिकडच्या शब्दांत,
तिकडचं उत्तर इकडच्या.
त्याला पगार नाही, झोप नाही,
चुकला तर दोन्हीकडून शिव्या.

दोन वाजता केबल बदलली. स्विच बदलला.
पॅकेटं पकडून एकेक सोललं,
कोळंबी सोलतात तसं: डोकं, साल, आतला काळा दोरा.
सगळं ताजं.
तारेत काही बिघडलेलं नव्हतं.
बिघाड तारेच्या वर, कुठेतरी बोलण्यात होता.

पावणेचार. बोटी लागल्या.
खिडकीत हेमलता तांडेल, समोर ढकलगाड्यांची रांग,
माझ्या पडद्यावर ओळी धावू लागल्या.
मागितलं, दिलं. मागितलं, दिलं. मागितलं,
पस्तीस.
आणि प्रोग्रॅमने शांतपणे दार लावून घेतलं.

"गेला काय गो?" हेमलताने पाटी काढली, खडू काढला.
हिरादेवी, चाळीस लाद्या. समुद्रलक्ष्मी, पंचवीस.
तिला थर लागत नाही.
कुणाचं ‘नाय’ म्हणजे ‘थांब जरा’
आणि कुणाचं खरंच नाय,
ती आवाजावरून ओळखते.

या मशीनच्या बोलीत पस्तीस म्हणजे:
आत्ता हाताशी काही नाही, पुन्हा विचार.
कुटिन्होंच्या बोलीत पस्तीस म्हणजे:
दोघे एकमेकांची वाट बघत अडकलेत, सुटका नाही.
दुभाष्याने तिथे अकरा म्हणायला हवं होतं.
बाकी सगळे आकडे तो नीट फिरवतो,
या एका वाटेवर मात्र मिळाला तसा हातावर ठेवतो,
प्रामाणिक माणसासारखा.

दिवसा हे घडत नाही, कारण दिवसा
‘जरा थांब’ म्हणायची वेळच येत नाही.

माझा बिजू कोचीचा. लग्नाच्या महिन्यात
माई मावशी ‘येते हं’ म्हणून निघाली,
हा तासभर तिचा चहा झाकून बसला.
बांगडी वाढली म्हटलं, तर माझं मनगट मोजू लागला.
मग मी त्याला तक्ता करून दिला, ओळीने.
काही ओळी गाळल्या. वाटलं, कळेल आपोआप.
परवाचं भांडण त्यातल्याच एका ओळीवर.
मी म्हणाले होते, काही नाही.
त्याने ऐकलं, काही नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती.
कंपाइल होईपर्यंत बोटं काखेत धरून बसले.
चार वीसला चालू केलं.
पस्तीस आला, अकरा होऊन गेला,
प्रोग्रॅम थांबला, पुन्हा विचारलं, मिळालं.
कुणाच्या लक्षातही आलं नाही.
हेमलताने पाटी पुसली नाही.
"ऱ्हाऊ दे हितंच," म्हणाली. बरोबर आहे तिचं.

सहाला उठले. म्हटलं, येते.
ती सुट्टे पैसे मोजत होती, ओठ हलत होते.
उत्तर आलं नाही.
मी जरा थांबले,
आणि पुन्हा म्हटलं.